शाळेतलं शेवटचं बिऱ्हाड

सोनपेठजवळच्या थडीवाडीत गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. त्या साली गंगा गावात शिरली आणि खालची आळी घेऊन गेली. ज्यांची घरं पडली ती माणसं उंचावरच्या शाळेत येऊन राहिली. शाळेला खोल्या दोन, शिक्षिका एक.

सुमंगलाबाई मूळच्या मानवतच्या, शिस्तीच्या. पाणी ओसरलं तरी माणसं हलेनात, कारण हलायला जागा नव्हती. दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की ही बिऱ्हाडं मार्गी लागल्याशिवाय शाळा भरायची नाही. आपण दयेपोटी या कामात पडलो, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

सगळ्यांचा मिळून एक अर्ज कचेरीत जाऊन पडला होता, त्याचं काही झालं नव्हतं. म्हणून बाईंनी एकेक घर धरलं. त्या घराला आधी काय पाहिजे ते विचारायचं आणि ते मिळेपर्यंत त्या माणसांबरोबर कचेरीत, दवाखान्यात, जिथं लागेल तिथं जायचं. मग पुढचं घर. कमलबाईच्या पोराला आधी डॉक्टर लागला, छपराचे पत्रे नंतर. दत्तरावांना पत्रे नकोच होते, बैल पाहिजे होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी मध्येच थांबायची. तेव्हा बाई बैलगाडीनं तालुक्याला जायच्या आणि कचेरीही बंद असल्याचं बघून परत यायच्या.

थंडी पडेस्तोवर एक खोली रिकामी झाली. दुसरीत चतुराबाई उरली, आणि दारात तिची म्हैस.

चतुराबाईचा नवरा चंद्रभान पुराच्या दिवशी ही म्हैस सोडायला परत गोठ्यात गेला होता. म्हैस पोहत वर आली. चंद्रभान आला नाही, सापडलाही नाही. घर त्याच्या नावावर होतं. कचेरीचं म्हणणं, नव्या घरासाठी मालक हयात असेल तर सहीला आणा, नसेल तर मृत्यूचा दाखला आणा. दाखल्यासाठी बायकोनं जबाब द्यायचा, की तो बुडाला. चतुराबाई रोज कुंकू लावत होती आणि जबाब देत नव्हती. मी वाट बघायले, एवढंच म्हणायची.

बाईंनी तिला समजावून पाहिलं, मग नाद सोडला आणि दुसरी वाट शोधली. निराधार बायकांना घर देणाऱ्या योजनेत नवरा मेलेलाच असावा असं नव्हतं, टाकून गेलेला चालत होता. तलाठी बन्सीधर म्हणाला, बसवून टाकू. एका सकाळी तो शाळेत येऊन बाकावर बसला, कागद काढला आणि चतुराबाईला विचारलं, नवऱ्यानं टाकून किती दिवस झाले.

तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला.

"कुणी टाकलं?"

बाईंनी सांगितलं, नुसतं लिहायचं आहे, योजनेत बसावं म्हणून.

"न्हाई लिवायचं," चतुराबाई म्हणाली. "म्हशीसाठी पाण्यात शिरलेला माणूस बायकोला टाकून जाईल व्हय? गंगंनं नेलं त्यांना. माझ्यादेखत नेलं. हात वर केला व्हता त्यांनी."

हाताचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बन्सीधरनं लिहिणं थांबवून बाईंकडं बघितलं. कचेरीला पाहिजे होता तो जबाब हाच होता. बाईंनी तिला विचारलं, "हे लिहू द्यायचं का?"

चतुराबाईनं म्हशीकडं बघितलं.

"लिवा," ती म्हणाली. "पर टाकलं म्हणून लिवू नका."

त्या दिवशी सुमंगलाबाई जेवल्या नाहीत. शेजारणीनं कारण विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणाल्या.

पुढं पंचांच्या सह्या झाल्या, पोलीसपाटलाचा जबाब झाला, फाईल परभणीला जाऊन आली. मंजुरीच्या दिवशी कारकुनानं कागदाकडं बघितलं, चतुराबाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं, आणि कागदात विधवा लिहिलंय, असं म्हणाला.

"कागद बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कपाळ तुमच्या खात्यात येत नाही."

त्यानं शिक्का मारला.

नव्या गावठाणात घर उभं राहायला लागलं तशी नवी अडचण आली. गवंडी पंडित तक्रार घेऊन बाईंकडं आला, कारण तोवर गावातल्या सगळ्याच तक्रारी बाईंकडं यायला लागल्या होत्या. सगळ्या घरांची दारं रस्त्याकडं, आणि चतुराबाईला मात्र दार गंगेकडं पाहिजे. तिकडं नुसती बाभळीची झुडपं, येणार कोण तिकडून? बाईंनी विचारलं, दार कुठं असावं याचा सरकारी नियम आहे का. पंडितनं ऐकलेला नव्हता. मग तिकडंच ठेवा, बाई म्हणाल्या.

चतुराबाई म्हशीसकट नव्या घरी गेली. शाळा भरली. खोलीला शेणाचा वास पुष्कळ दिवस राहिला, पोरांना त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या तपासणीत साहेबांनी शेरा मारला, की दुसरं सत्र विनाकारण उशिरा सुरू झालं. बाईंनी तो वाचला आणि खाली सही केली.