नाईक राजूची माती

रणांगणावर प्रत्येक सैनिकाला देव भेटतो, असं आमच्या बटालियनचे धर्मशिक्षक दर रविवारी मंदिर परेडला धीरगंभीर आवाजात सांगायचे. त्यांच्या पोस्टिंगच्या तीन वर्षांत, रजेवर जाण्यायेण्याचे दिवस सोडले, तर ते कॅम्पच्या तारेबाहेर कधी आल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा हवालदार होतो. काश्मीरमध्ये एका कंपनी पोस्टवर दहा जणांचा सेक्शन माझ्याकडे होता. आमचं घराणं परभणीकडचं. आजोबा पोटासाठी हैदराबादला आले, वडील नोकरीला लागले आणि आम्ही तिथल्या नल्लकुंटा भागाचे झालो. घर बौद्ध. देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं. शाळा मात्र मिशनची मिळाली. तिथे रोज सकाळी इंग्रजी प्रार्थना असे. ती मी दहा वर्षं म्हटली आणि एकदाही ऐकली नाही.

सेक्शनमध्ये माझा टूआयसी, म्हणजे दुय्यम, नाईक राजू होता. तोच माझा बडी. सैन्यात बडी म्हणजे जोडीदार: खंदक एक, चहाचा मग एक आणि एकाने झोपायचं तर दुसऱ्याने जागायचं. राजूही हैदराबादचा, मुशी नदीकाठच्या एका वस्तीतला. वडील नव्हते. आई कोठी भागातल्या एका दवाखान्यात आया होती. रोज पहाटे पाचला तो तेलुगू प्रार्थनेचं एक फाटकं पुस्तक काढून दहा मिनिटं ओठ हलवायचा. पोरं त्याला पाद्री म्हणत.

"पाद्री, आज ऊपर से क्या रिपोर्ट है?"

"आज तू दाल में कंकर खाएगा," राजू मान वर न करता म्हणायचा. बहुतेक वेळा रिपोर्ट बरोबर निघायचा.

या भागात येण्याआधी प्रत्येक जवानाचा किंड्रेड रोल ताजा करावा लागतो. त्यात घरच्यांची नावं, पत्ता, धर्म, काही झालं तर कोणाला कळवायचं, हे सगळं येतं. माझ्या सेक्शनचे फॉर्म मी भरले. धर्माच्या रकान्यापाशी मी राजूकडे पाहिलं.

"हिंदू लिखो उस्ताद. सर्टिफिकेट में वैसाइच है."

"और पादरी का क्या?"

"अंदर क्रिश्चियन, कागज पे हिंदू. बहन का कॉलेज उसी कागज पे है."

मला अधिक समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची जात अनुसूचित. तसा माणूस कागदावर ख्रिस्ती झाला की जातीच्या दाखल्याचा आधार जातो. म्हणून असंख्य घरांतून रविवारी चर्च आणि कचेरीत हिंदू, असं चालतं. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा आमच्याही दाखल्याची हीच गत झाली होती. मी 'हिंदू' लिहिलं. खाली शेऱ्यासाठी चार ओळी मोकळ्या होत्या. काही झालं तर याला कसा निरोप द्यायचा, ते तिथे लिहिता आलं असतं. तेवढ्यात चहाची शिट्टी झाली. मी सही करून उठलो.

चार महिन्यांनी एका गावाला आम्ही पहाटे कॉर्डन घातला, म्हणजे वेढा. खबर दोन माणसांची होती. सकाळी ०७२५ पर्यंत अकरा घरं तपासून झाली, काही मिळालं नाही. बारावं घर गावाच्या टोकाला होतं. मागे दगडी गोठा. बाहेर बर्फ, आणि गाय बर्फात बांधलेली.

राजू थांबला. "उस्ताद, गाय बाहर कायकू?"

मी रेडिओ उचलला. चार्ली म्हणजे कंपनी, चार्ली टू म्हणजे मी. "चार्ली, चार्ली टू. गोठा शक में. आगे बढ़ रहा हूं. ओव्हर."

"चार्ली टू, चार्ली. ओके. आराम से. आउट."

०७४० ला आम्ही दारापासून सहा पावलांवर होतो. दार फळ्यांचं होतं. आतून गोळ्यांचा बर्स्ट आला तो फळ्या फोडूनच. राजू बसल्यासारखा खाली गेला. एक गोळी पोटात, दुसरी डाव्या जांघेत, अगदी वर. मी त्याला पट्ट्याला धरून दगडी गव्हाणीमागे ओढलं आणि ग्रेनेड टाकला. तो दाराच्या चौकटीला लागून परत अंगणात आला. निवृत्तीनंतर शाळांमधून मला व्याख्यानाला बोलावतात, तिथे हे मी सांगत नाही. तो फुटला तेव्हा आमच्या मधे गव्हाण होती. माझ्या डाव्या कानाचं ऐकणं तिथे संपलं. गाय मेली.

दुसरा ग्रेनेड आत गेला. गवत पेटलं. धुरातून पहिला माणूस गोळ्या झाडत बाहेर आला. त्याच्या बाहीला आग लागली होती. मी तीन मीटरवरून त्याच्या छातीत अर्धं मॅगझिन रिकामं केलं. तो पडला तरी बाही जळत राहिली. दुसरा मागच्या खिडकीतून उतरून भिंतीला वळसा घालून आला आणि माझ्या अंगावरच आदळला. रायफल वळवायला जागा नव्हती. त्याने माझ्या गळ्याला हात घातला. मी रायफलची बट मारली. तीनदा मारली. दोन पुरे होत्या.

हे सगळं सव्वा दोन मिनिटांत झालं. शाळांमध्ये मुलं विचारतात, तेव्हा काय वाटलं? हाताखाली हाड मोडतं तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखं वाटतं. हे उत्तर मुख्याध्यापकांना आवडत नाही.

राजूच्या जांघेतून रक्त उडत होतं. जखम इतकी वर होती की पट्टा बांधायला तिच्या वर जागाच नव्हती. मी मूठ जखमेत घातली आणि वर गुडघा ठेवला.

"चार्ली, चार्ली टू. दो डाऊन. अपना एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. गाडी आ रही है. चालीस मिनट. होल्ड करो. ओव्हर."

"होल्ड कर रहा हूं. आउट."

नर्सिंग असिस्टंट आला. त्याने पोटावर पट्टी बांधली, ड्रिप लावली, आणि माझी मूठ आहे तिथेच राहू द्यायला सांगितलं. राजू शुद्धीवर होता. ओठ हलत होते, पण दम पुरत नव्हता.

"उस्ताद. तुम बोलो. मेरे से नै होरा."

"क्या बोलूं?"

"प्रार्थना. आती ना तुमकू. इस्कूल की."

मी इंग्रजीत सुरू केलं. एका हाताची मूठ त्याच्या मांडीत, समोर जळता गोठा, आणि मी पाचवीतल्या मुलासारखा पाठ म्हणतोय.

राजू हसला. "अफसरों की जबान में करते क्या?"

"मेरेकू इसी में आती. तुम्हारे प्रभु कू समझती क्या?"

"उनकू सब समझती."

'रोजची भाकर आज दे' या ओळीपर्यंत मला आठवत होतं. पुढचं जमेना. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असं कितीतरी वेळा केलं. मधे त्याने माझी बाही धरली.

"उस्ताद, जलाना नक्को मेरेकू. अम्मा मिट्टी देती. बोलो हौ."

"हौ."

०८३१ ला तो गेला. गाडी ०८३४ ला आली. तीन मिनिटं लवकर येऊन काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी असं म्हणायचंच असतं.

पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. हैदराबादला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. वस्तीत मंडप होता, बॅनर होते. राजूचा फोटो लहान आणि नमस्कार करणाऱ्या नेत्यांचे मोठे. स्मशानात चिता रचून झाली होती. भटजी तयार. अकराला एक मंत्री येणार होते आणि त्यांना बाराला दुसरीकडे रिबन कापायची होती. हे सगळं माझ्या सहीच्या फॉर्मवरून झालं होतं.

राजूची आई, अम्मा, शवपेटीशेजारी जमिनीवर बसली होती. लहानखुरी बाई, अंगावर दवाखान्याची निळी साडी. ड्यूटीवरूनच आली होती. शेजारी राजूची बहीण. अम्माला चितेबद्दल कळलं होतं. ती मुलीकडे पाहत होती आणि गप्प होती. का गप्प, ते मला ठाऊक होतं.

मी बंदोबस्ताच्या महसूल अधिकाऱ्यांकडे गेलो.

"सर, इसको दफनाना है. मरते वक्त इसने मुझसे कहा."

त्यांनी फाइल उघडली. "फॉर्म में तो हिंदू है. किसने भरा?"

"मैंने."

"गलत भरा?"

"पूरा नहीं भरा, सर."

"हवालदार साहब, ग्यारह बजे मिनिस्टर हैं. कुछ लिखा हुआ है? नहीं. घरवाले कुछ बोल रहे हैं? नहीं. फिर?"

फिर काही नव्हतं. माझ्याकडे एक 'हौ' होतं, आणि ते ज्याला दिलं तो पेटीत होता. १०१० झाले होते. उचलणारे सहा जवान पेटीला हात लावून उभे राहिले.

तेव्हा अम्मा उठली. पेटीवर आडवा हात ठेवला.

"मेरा बच्चा किरस्तान है. लिखो साब."

एक नातेवाईक तिच्या कानाशी वाकला. "अक्का, पोरी की सीट..."

"सीट गई तो गई. मैं बच्चे को आग में नै डालती." मग मुलीकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाली. मुलीने मान हलवली आणि तीही उठून पेटीला हात लावून उभी राहिली.

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. मग लिहिलं, 'अंत्यविधी कुटुंबाच्या इच्छेनुसार.' धर्माच्या रकान्याला हात लावला नाही. पेनाला टोपण घालताना मला हळूच म्हणाले, "इतना ही लिखता मैं." सरकारी नोकरीत मी पाहिलेलं हे सर्वांत सुंदर वाक्य आहे.

कबरस्तानात खड्डा खणायला दोन तास लागले. मंत्री रिबनला निघून गेले. सलामीच्या पहिल्या फैरीला मी युनिफॉर्ममध्ये, पदकांसकट, मातीत आडवा पडलो. ठरवून नाही. अंगाने आपलं आपण केलं. कोणीतरी हसलं. मानेवर अम्माचा खरखरीत हात आला.

"उठ बेटा. अपने लोगां हैं."

पेन्शनवर आलो आणि दोन वर्षं बऱ्यापैकी वाया घालवली. दारू होती, भांडणं होती. एकदा बसमध्ये माझ्या बहिऱ्या कानापाशी ओरडणाऱ्या माणसाचा जबडा मी मोडला. मग फुप्फुसात टीबी निघाला, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. सरकारी दवाखान्यात पाच महिने. नातेवाईक दाराशी रुमाल धरून उभे राहत आणि परत जात. अम्मा ड्यूटी संपली की यायची, मास्क लावून स्टुलावर बसायची, माझ्या पायांवर हात ठेवून तेलुगूत प्रार्थना करायची. मी म्हणायचो, अम्मा, माझा विश्वास नाही. ती म्हणायची, तेरेकू नै बोलरी मैं.

रक्ताची उलटी झाली त्या दिवशी दुपारी मी तिला विचारलं, "तुम्हारे प्रभु ने राजू को क्यों नै बचाया?"

"मैं भी पूछती. रोज."

"क्या बोले?"

"अब्बी तक कुछ नै बोले." तिने माझी पिंढरी दाबली. "मगर पूछने कू मना नै करे."

मी आयुष्यात बरीच तत्त्वज्ञानं वाचली होती. सगळ्यांकडे उत्तर होतं. ज्या देवाला रोज तोंडावर जाब विचारता येतो आणि तरी जो उठून जात नाही, असा मला पहिल्यांदाच भेटला. मी विचारू लागलो. सुरुवात शिव्यांनी केली. शिव्या संपल्यावर जे उरलं ते प्रार्थनेसारखंच होतं. त्या बटने मारलेल्या माणसाबद्दलही विचारलं. त्याच्या आईबद्दल विचारलं. उत्तर आलं नाही, पण झोप येऊ लागली.

टीबी औषधांनी गेला. अम्मा म्हणते प्रार्थनेने. आमचं यावर एकमत नाही. पुढच्या वर्षी वस्तीतल्या चर्चमागच्या सिमेंटच्या टाकीत माझा बाप्तिस्मा झाला. वडील म्हणाले, "आपल्या घरात धर्म एकदाच बदलला, तोही विचार करून." मी म्हणालो, मीही विचार करूनच बदलतोय. ते म्हणाले, "मग कर. पण पुस्तकांचं कपाट विकू नकोस." पाणी टँकरचं होतं आणि फार थंड होतं.

राजूच्या बहिणीच्या सीटची चौकशी कधीच झाली नाही. ती आता नर्स आहे. दर वर्षी त्या तारखेला सकाळी आम्ही तिघं कबरस्तानात जातो. कबरीला चुना लावतो, फुलं ठेवतो. मी त्याचं नाव, नंबर आणि रँक मोठ्याने म्हणतो आणि सलाम करतो. मग अम्मा प्रार्थना सुरू करते. ती लांबते. राजूपासून सुरू होऊन वस्ती, दवाखाना, बटालियन, गोठ्यातले ते दोघं, सगळ्यांपर्यंत जाते. पण पूर्ण होत नाही, कारण साडेबाराला रखवालदार किल्ल्या वाजवत येतो. कबरस्तान जेवणासाठी बंद होतं.