रानीचे कवडीचे दात

आमच्या घरधन्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यायले उकंड्या म्हने. ह्यायच्या आंधीचे लेकरं वाचले नाही म्हनून सासूनं ह्यायले जलमल्याबरोबर उकंड्यावर, शेनकचऱ्यात, लोयवलं, तवा हे जगले. दिवसा वखर हाकत, अन् दिवाई झाली का लुगडं नेसून दंडारीच्या नाच-नाटकात रानी होत. तवा दंडारीत बाया नाचत नसत, मानसंच बाया होत. अन् मानूस तरी कसा बाप्पा! मी जलमाची बाई, पन मलेबी तसं मुरडता आलं नाही.

दंडारीत राजा रुसे. रानी मान मांग टाकून खदखदा हासे, तवा त्याचा राग जाये. त्या हासन्यासाठी लोक दूरदूरून बैलगाड्या जुंपून येत.

आता आमच्या गावच्या इहिरीचं पानीच असं, का जो लहानपनापासून पेईन त्याच्या दातावर तपकिरी चट्टे. साऱ्या गावाचे दात तसेच, मंग कोन कोनाले हासन? मशालीच्या उजेडात तं ते दिसतबी नसत. पन एका साली दंडार शेलूबाजारले झाली, माह्या माहेरी, अन् तिथं एका व्यापाऱ्यानं गॅसबत्ती टांगली. भक्क उजेड! रानी हासली अन् मांगून कोनी मेला ओरडला, "अबे, रानीनं शेन खाल्लं!"

सारा बाजार हासला. ह्यायनं गानं पुरं केलं, पन तवापासून घरातबी हासताना तोंडावर दुपट्टा धरत. मंग हासनंच सोडलं. रुपी, आमची पोरगी, गुदगुल्या करे तरी ओठ मिटलेले. माहा जीव तुटे. लगन झालं तवा ह्या मानसाचं हासनंच तं मले आवडलं होतं.

पुढच्या साली दंडारीचे म्होरके मारोतराव घरी आले. "उकंड्या, अवंदाबी शेलूबाजारचं बोलावनं हाय. गॅसबत्तीच राहीन. तुले जमत नसन तं जगदेवले रानी करतो."

हे खाली पाहून म्हनाले, "करा."

मले असा राग आला! जगदेवची चाल म्हंजे रेड्याची. मी भाईर आली. "काहून करा? मारोतभाऊ, रानी हेच होतीन. गॅसबत्ती टांगा नाहीतं सूर्य टांगा!"

उचलली जीभ अन् लावली टायूले. दात कुठून आनू? राखुंडीनं घासून पाह्यले, लिंबू लावून पाह्यलं. ह्यायच्या हिरड्या सोलल्या, डाग तसेच.

मंग मानोऱ्याच्या बाजारात तांड्यावरची रामीबाई दिसली. लिंबाखाली बसून घागऱ्यावर कवड्या शिवून राह्यली होती. कवडी शिवाची असन तं आंधी तिची पाठ फोडा लागते. ते फुटलेले टवके तिच्या पुढ्यात पडले होते, पांढरे, चकचकीत, जरासे बाकदार. मी एक उचलला अन् आपल्या दातावर धरला.

"काय करून राह्यली वं पंचफुला?"

"नवऱ्याले दात करून राह्यली, बाई."

रामीबाई आंधी हासली, मंग तिनंच चार टवके निवडले अन् दगडावर घासून घासून बारीक केले. घरी येऊन मी मधाच्या पोयाचं मेन मऊ केलं अन् ते टवके ह्यायच्या पुढच्या दातायवर बसवले. रामीबाईनं घागऱ्यावर शिवाचा एक आरसाबी देल्ला होता, रुपयाएवढा. त्यात पाहून हे म्हनाले, "हे माहे?"

"तुमचेच. पन पान खाऊ नोका, अन् लय मोठ्यानं हासू नोका. मेन सुटन."

शेलूबाजारले मी अन् रामीबाई बायायत सगयात पुढं बसलो. माहा जीव टांगनीले. राजा रुसला, रानी गॅसबत्तीखाली आली, ओठ उघडले. पांढरेशुभ्र दात! मांगून "वाहवा!" झाली. ती आयकली अन् ह्यायचं भान गेलं. माही ताकीद गेली चुलीत. मान मांग टाकून असे हासले, असे हासले, का सालभराचं हासू एकदमच भाईर आलं.

टपकन माह्या मांडीवर काही पडलं. पाह्यलं तं कवडी! दुसरी मातीत. दोन्ही उचलून मुठीत घट्ट धरल्या. वर पाह्यलं, तं मधले दोन दात तपकिरी, अन् डोक्यावर तीच भक्क गॅसबत्ती. ह्यायले पत्ताच नाही, हे हासूनच राह्यले. राजा रुसाचं इसरून हासला, ढोलकीवाल्याचा ठेका चुकला, म्हातारे डोये पुसून "अजून एक खेप!" म्हनून राह्यले. शेन कोनाच्या तोंडात आलं नाही.

दंडार सरल्यावर हे लुगड्यातच धावत आले. "अवं, कवड्यायनं लाज राखली!"

मी मूठ उघडली.

"कवा पडल्या?"

"पयल्याच हासन्यात."

हे कवड्यायकडं पाह्यत राह्यले. तोंडावर धराले पदर खांद्यावरच होता, पन हात तिकडं गेला नाही. मंग माह्याकडं पाहून हासले, ते रानीचं नाही, लगनातलं हासू. माहे डोये भरले. चारचौघात, उखान्याबिगर, मी जलमात पयल्यांदा नाव घेतलं.

"उकंडराव," मी म्हनलं, "अजून एक खेप."