लीनाने कापलेलं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा डावीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, उजवीकडे खडखडणारा कूलर आणि मधोमध झुपकेदार मिशांचे तात्यासाहेब इनामदार. चंडीगढमधल्या आमच्या सेक्टरचं हे कम्युनिटी सेंटर; गणपतीच्या नाटकाची तालीम चाललीय. इनामदार म्हणजे आमची लीना. पाठांतर फार म्हणून पुरुषांनी टाळलेली भूमिका हिने मागून घेतली. माझे गुडघे आता रंगमंचावर उभं राहू देत नाहीत, म्हणून मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करते.

लीना अमरावतीची. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा त्याने मोडलेला डावा हात प्लास्टरमध्ये आणि उजव्या हाताला तीन वर्षांची लेक वल्लरी. जवळच्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यात तिला गोळ्या तपासायचं काम मिळालं. तेव्हा तिचा आवाज असा, की दुधाची पिशवी मागतानाही माफी मागतेय असं वाटे. आता तिचा इनामदार खाकरला की बाहेरचे बॅडमिंटनवाले खेळ थांबवतात. ते खाकरणं मी शिकवलं, हे मी भेटेल त्याला सांगते.

परवा शनिवारी जावई येण्याचा प्रवेश चालला होता. हॉलचं दार उघडलं आणि आत आला कुणाल, लीनाचा नवरा. कोर्टाने त्याला महिन्यातला एक रविवार दिलाय, मुलीला कोर्टाच्याच आवारात भेटायला. तो सरळ खुर्च्यांपाशी तालीम बघत बसलेल्या वल्लरीकडे गेला आणि तिचं मनगट धरलं.

"चल. गाडी उभी आहे."

लीना थिजली. आणि अहो, चाळीस वर्षांची खोड! नट अडला की माझी जीभ आपोआप सुटते. मी खणखणीत आवाजात पुढचं वाक्य दिलं, "यावे, यावे जावईबापू! घर आपलंच आहे!"

गड्याचं काम करणाऱ्या मेजर अच्युतरावांच्या हातून झाडू पडला. लीनाने माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हे वाक्य कापा."

ती धोतर सावरत खाली उतरली.

"कुणाल, हात सोड तिचा. आज रविवार नाही."

"मिशा लावून नाटकं करतेस?"

"करते. मंगळवारी प्रयोग आहे. तुला आमंत्रण नाही."

वल्लरी हात सोडवून आईच्या धोतराला बिलगली. "पापा, संडे को आना ना."

कुणालने हात उगारला. मेजर पुढे सरसावले, पण लीनाने त्यांना खुणेनेच थांबवलं. "मार. अकरा माणसं बघतायत."

हात खाली आला. कुणाल निघून गेला. मेजर त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभे होते.

लीनाने तिच्या वकीलबाईंना फोन लावला. बोलताना आवाज ठाम होता, फोन मात्र दोन्ही हातांनी धरावा लागला. मी शरमेने तिच्यापुढे उभी राहिले. "लीना, माझी जीभच कापायला हवी गं."

"जीभ राहू द्या काकू. सोमवारी कोर्टात साक्षीला लागणार आहे. फक्त तिथे मला प्रॉम्प्टिंग करू नका."