गैरहजेरीचे दिवस

मला कामावरून काढलं तो शनिवार होता, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी मारुतीवर रागावलो. शनिवार मी लहानपणापासून पाळत आलो. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडील मारुतीला तेल घालायला जात, त्यांच्या मागं मी. पुढं आयटीआय करून शहरात राहायला आलो, तरी उपास सोडला नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटरची जागा निघाली, तेव्हा खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोललो होतो. काम लागलं तसं पायी जाऊन तो फेडलाही. सहा महिने प्रोबेशन आणि मग कायम, असं ठरलं होतं. त्या सहा महिन्यांतले शेवटचे चार दिवस उरले असताना माझ्या हातात कागद पडला.

कागदात खोटं काही नव्हतं. न कळवता सतरा दिवस गैरहजर, म्हणून पुढं ठेवता येत नाही, एवढंच लिहिलं होतं. दिवस मीच बुडवले होते. का बुडवले, हे मात्र मी कारखान्यात कोणालाही सांगितलं नव्हतं.

श्रावणात आम्हाला मुलगी झाली. बाळंतपण नीट झालं. गावाकडून आई येऊन महिनाभर राहिली आणि बाजरीच्या सोंगणीची वेळ आली तशी परत गेली. पण आई असतानाच माझ्या बायकोचं, सुमनचं, काहीतरी बिनसलं होतं. ती झोपेना. अंथरुणावर नुसती उघड्या डोळ्यांनी पडून राही. जेवण समोर ठेवलं तर तसंच राही. मग हळूहळू म्हणायला लागली की ही पोरगी माझी नाही, माझी दवाखान्यात बदलली. पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करते. एकदा पाळी सुटून घरी आलो, तर दीड महिन्याची पोर हौदाच्या कठड्यावर ठेवलेली आणि सुमन दारात पाठ करून बसलेली. हौद भरलेला होता. मी पोर उचलली, आणि त्या रात्री खाली ठेवलीच नाही.

त्यानंतर ज्या दिवशी तिचं जास्त वाटे, त्या दिवशी मी कामावर जात नसे. गारखेड्यात आम्ही ज्यांच्याकडं भाड्यानं राहत होतो, त्या काकू जमेल तेव्हा लक्ष देत, पण त्यांनाही त्यांचं घर होतं. सुमनची आई लहानपणीच गेलेली, आणि तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न जुळत आलेलं. वेड लागलं हा शब्द एकदा बाहेर गेला असता, तर ते लग्न मोडलं असतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत होतो, मला ताप येतो. आई म्हणाली, बाहेरचं काही असेल, कोणाला तरी दाखव. मी तेही लांबवत होतो.

कारखान्यातल्या जोशीसाहेबांनी कागद देण्याआधी मला खुर्चीवर बसवलं होतं. तोवर तिथं मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. हात चांगला आहे तुमचा, असं फोरमन म्हणतो, ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "घरी काही अडचण आहे का? असेल तर सांगा."

मी म्हणालो, "नाही साहेब. मला ताप येत होता."

त्यांनी कागद पुढं सरकवला. बाहेर सायकल काढताना मी मनात मारुतीला बरंच काही बोललो. द्यायचं आणि काढून घ्यायचं, हाच खेळ असेल तर माझा शनिवार तुला कशाला पाहिजे, असं. पुढचे सहा दिवस मी घरीच बसून काढले. काकूंना सांगितलं, सुट्टी आहे.

पुढचा शनिवार आला तेव्हा मी उपास केला नाही. पण घरात बसवेना. आईचा निरोप आला होता की तिला खुलताबादला तरी घेऊन जा, देवाच्या पायावर घाल. भक्ती म्हणून नाही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, सकाळच्या एसटीनं मी सुमनला आणि पोरीला घेऊन निघालो. दौलताबादचा घाट चढताना सुमन खिडकीतून बाहेर बघत होती. पोरगी माझ्याच मांडीवर होती.

ज्यांनी दर्शन घेतलंय त्यांना ठाऊक आहे, तिथला मारुती निजलेला आहे. मी हात जोडले आणि मनात आलं, तू निवांत झोपलास आणि माझी बायको अडीच महिने झोपली नाही. राग धरून आलो होतो, पण तेवढं मनात आलं आणि राग संपला. उरलं ते नुसतं थकणं. मागायला काही आठवेना. नोकरी मागावी की सुमन मागावी, तेही कळेना. मी एवढंच म्हणालो, मला काही समजत नाही, आता तूच बघ. आणि बाहेर आलो.

बाहेर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. सुमन चालता चालता एका बाईच्या शेजारी दगडावर बसली ती उठेचना. पोरगी भुकेनं रडायला लागली. मी तिला सुमनच्या मांडीवर ठेवलं, तर सुमननं हात बाजूला घेतले. मी पोर पुन्हा उचलली. ती फळं विकणारी बाई हे बघत होती. साठीच्या पुढची, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिनं फळ घ्या असं काही म्हटलं नाही. बाळंत होऊन किती दिवस झाले, एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग झोपती का, खाती का, असं एकेक विचारत गेली, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "पोरगी माझी नाय, असं म्हणती का?"

ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नव्हती. मी नुसती मान हलवली.

त्या बाईनं शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, बावीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. तिनं मला सांगितलं की हे करणी-बाधा काही नसतं, बीमारी असते. अशा बाया तिनं पाहिल्या होत्या, आणि बऱ्या होऊन घरी गेलेल्याही पाहिल्या होत्या. मी म्हणालो, सोमवारी नेतो. ती म्हणाली, "सोमवार नाय, बेटा. आत्ताच. अशा बायकांचा भरवसा नसतो, त्यांच्या हातात काय नसतं."

हौदाचं मी तिला सांगितलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो कठडा आला.

मग तिनं जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. शेजारच्या बाईला पाटीकडं बघायला सांगितलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि आमच्याबरोबर एसटीत चढली. एसटीत पोरगी तिच्या मांडीवर होती. खुलताबादच्या स्टँडवर कपभर दूध मागून घेऊन तिनं ते ओढणीच्या टोकानं पोरीला पाजलं होतं. गाडीत ती फारसं बोलली नाही. एकदोनदा सुमनच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सुमननं तो फिरवू दिला.

दवाखान्यात त्या बाईला ओळखणाऱ्या एक सिस्टर होत्या, त्यांनी आम्हाला सरळ डॉक्टरीणबाईंसमोर नेलं. काय होतंय, डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी सवयीनं सुरू केलं, तिला अशक्तपणा आहे, जरा ताप. तेवढ्यात ती फळंवाली बाई मागून म्हणाली, "खरं सांग, बेटा. इथं तरी सांग."

आणि मी सांगितलं. झोपेचं, जेवणाचं, पोरगी बदलल्याचं, हौदाचं. माझे सतरा दिवस, ताप नसताना सांगितलेला ताप, गेलेली नोकरी, सगळं. कोणी न विचारलेलंही सांगत सुटलो. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मला वाटलं होतं की हे बोललो की जमीन फाटेल. काही झालं नाही. त्यांनी भरती करून घ्यायला सांगितलं, आणि म्हणाल्या, सोबत घरचं एक माणूस दिवसभर लागेल, पोरीला तिच्या नजरेसमोर ठेवायचं पण एकटीजवळ द्यायचं नाही, जमेल का? मी म्हणालो, जमेल. म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं, आठ दिवसांपूर्वी विचारलं असतं तर जमलं नसतं.

आम्ही तिथं तेवीस दिवस होतो. दिवाळी तिथंच गेली. पहिले काही दिवस सुमन नुसती झोपली. मग थोडं खायला लागली. एका दुपारी मी पोरीला वाटी-चमच्यानं दूध पाजत होतो. सुमन बघत होती. बघता बघता म्हणाली, "तिरपी धरा तिला. ठसका लागंल." मी तिरपी धरली. मग तिनं स्वतःच हात पुढं केले. सिस्टर जवळच उभ्या होत्या, त्यांनी मला मानेनंच हो म्हटलं. मी पोर दिली, आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला तोंड करून उभा राहिलो.

नोकरी परत मिळाली नाही. सुमन घरी आल्यावर मी जोशीसाहेबांना भेटून खरं काय ते सांगितलं, जागा मागायला नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, त्या दिवशी बोलला असतात तर काहीतरी करता आलं असतं, आता जागा भरली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. दोन महिन्यांनी उस्मानपुऱ्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की बायको आजारी होती, महिन्यातून एकदा तिला दवाखान्यात न्यावं लागतं. तो म्हणाला, ने की. तिथं मी सत्तावीस वर्षं काढली. मेहुणीचं लग्नही त्याच माघात झालं. आम्ही त्या लोकांना आधी सगळं सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुमन आणि मी पोरीला घेऊन खुलताबादला गेलो. मला मनात भीती होती की ती बाई आता तिथं नसेल, असं कोणी कधी बसतच नव्हतं म्हणतील. पण ती होती, आंबे घेऊन बसली होती. आम्हाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. सुमन पाया पडायला वाकली तर तिनं हात धरून थांबवलं आणि पोरीला मांडीवर घेतलं. मी म्हणालो, मारुतीनंच तुम्हाला धाडलं. ती हसली. म्हणाली, "असं मी लई जणांना सांगितलं, बेटा. कोणी ऐकतं, कोणी नाय. तू ऐकलंस."

ती ज्याची कृपा मानत असेल त्याचं नाव वेगळं असेल, मी ते विचारलं नाही. मी एवढंच जाणतो की मी कुठलाच मार्ग शोधलेला नव्हता. मला समजत नाही, असं मी देवापुढं म्हणालो, आणि तासाभरात ज्याला समजतं असं माणूस माझ्या शेजारी बसलेलं होतं. शरण जाणं म्हणजे काय, हे मी तोवर कीर्तनातून ऐकलं होतं. त्या दुपारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं उभं राहून मी ते केलं, तेव्हा ते इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं, आणि पुढचं ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात राहू द्यायचं. माझी बायको आणि माझी मुलगी, दोघी मला त्यातून मिळाल्या. त्याबद्दल मी दर शनिवारी हात जोडतो, आणि दुसरं काही मागत नाही.