गडद जांभळ्याची अट

आमच्या ह्यांची सगळी नोकरी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणूस स्वस्थ बसेल की नाही? छे! गाडीच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. फायबरचंच, दोन माणसांचं. गाडी आली रस्त्यावर आणि घासकामाची भुकटी माझ्या पडद्यांवर. मी बडबडायचे, हे "हो, हो" करत पंख घासायचे.

"पहिल्यांदा तूच बसायचंस माझ्याबरोबर," हे मात्र रोजचं. मला तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी घेरी येते. पण कबूल कोण करणार? म्हटलं, "गडद जांभळं रंगवा, तर बसेन." असल्या रंगात विमान कोण कशाला रंगवेल! वाटलं, ब्याद टळली.

हे दुसऱ्याच दिवशी रंगाचं कार्ड घेऊन हजर. मलाच छटा निवडायला लावली.

रंग द्यायच्या दिवशी गाड्या रंगवणारा पेंटर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, तुम्हीच समजवा. गडद रंग ऊन ओढतो. फायबर धरून ठेवणारं आतलं रेझिन तापलं की मऊ पडतं. वर गेल्यावर पंख वाकला तर? म्हणून ही विमानं पांढरी ठेवतात. साहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण म्हणतात, बायकोला शब्द दिलाय, पहाटेच्या गारव्यातच उडवीन."

मी गॅस बंद केला. तशीच शेडमध्ये गेले. हे पंखावर ओला फडका फिरवत होते.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या एका रंगापायी जीव द्यायला निघालात?"

"नाही म्हटलं असतं तर तू बसली नसतीस."

"जांभळ्यातही बसले नसते! भीती वाटते मला. म्हणून तर घातली ती अट."

हे मटकन स्टुलावर बसले. फडका मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आधी सांगायचंस. दुसरी सीट बसवलीच नसती."

मी विमानात डोकावले. ती सीट माझ्या दुखऱ्या कंबरेच्या बेतानं केलेली, मागे उशीसुद्धा. मला एकदम रडूच आलं. काय माणूस आहे हा!

"पांढरा आणा," मी पेंटरला सांगितलं. ह्यांना म्हटलं, "बसते मी. पण वर गेल्यावर माझा हात सोडायचा नाही."

"तेवढं नाही जमायचं. मला दोन्ही हात लागतात."

"मग शर्ट धरीन," मी म्हटलं.