माझ्या टोमॅटोंना ‘औषध’ कोणी मागितलं होतं?

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले, तर शेजारचे वसंतराव न विचारता माझ्या टोमॅटोंवर फवारणी करत होते.

“हे काय मारताय?”

“औषध, ताई. तुमच्या लसूण-मिरचीच्या पाण्याले किडे भीत नाहीत. वासानं आम्हीच पळून राहिलो.”

त्यांच्या डब्यावर कवटीचं चित्र होतं. माझी नात हे टोमॅटो तोडून तिथेच खाते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

“काही होत नाही,” ते म्हणाले.

मी एक टोमॅटो तोडून पुढे केला. “मग खा.”

त्यांनी हात मागे घेतले.

सगळे टोमॅटो मी कचऱ्यात टाकले. नात रुसून बसली आहे. फवारणाऱ्यालाच जे तोंडात घालायची भीती वाटते, त्याला आपण औषध का म्हणतो?