कंग्राळीचे समुद्री चाचे

आमच्या गणेश मंडळाच्या शेडमध्ये जुनं थर्माकोल आणि किस्से, दोन्ही साठतच जातात. दरवर्षी आवरायचं ठरतं आणि दरवर्षी आणखी भर पडते!

यंदाचा जिवंत देखावा होता 'समुद्री चाचे: समज आणि सत्य'. आमच्या कंग्राळी गावाहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो! पण विषय सुचवला होता इतिहासाच्या रिटायर्ड चौगुले मास्तरांनी, त्यांना नाही कोण म्हणणार? कप्तान अर्थातच आप्पा. वीस वर्षं मंडळाचे अध्यक्ष तेच आणि देखाव्यातले हिरोही तेच.

आणि मरायला सुरेश. कुठलाही देखावा असो, पहिल्या पाच मिनिटांत हा मरतो. यंदा तो काकुळतीला आला.

"आप्पा, पंधरा वर्सं नुसता मरतोय. एक तरी डायलॉग द्या की!"

"बघू," आप्पा म्हणाले. दरवर्षी हेच म्हणतात. मला खरंच वाईट वाटलं.

*

पहिल्या तालमीला आम्ही सगळे डोळ्यावर काळी पट्टी बांधून हजर. मास्तर भडकले, "सगळे चाचे पट्टी लावत, ह्याला पुरावा न्हाय!"

तेवढ्यात आम्ही प्लायवूडचं जहाज उचललं होतं. एका डोळ्यानं अंदाज घेत सगळे सरळ गटारात!

आप्पा चिखलातून म्हणाले, "पटलं मास्तर! पट्टी बांधून जहाज चालतंय व्हय?"

*

सुरेशला फळीवरून चालवत समुद्रात पाडायचं ठरलं होतं. समुद्र म्हणजे निळं कापड. मास्तर म्हणाले, "असं फळीवरून चालवणं लई क्वचित."

सुरेशचा चेहरा खुलला. "म्हंजे मी वाचलो?"

"न्हाय रं. सरळ ढकलून द्यायचे."

"झ्याक!" आप्पा म्हणाले. "फळी वाचली!"

*

खजिन्याच्या पेटीत आम्ही खव्याचा खरा, गोड कुंदा भरला होता. रंगीत तालमीला पेटी उघडली तर आत नुसता चमचा! मास्तर तोंड पुसत म्हणाले, "चाचे खजिना पुरून ठेवत न्हवते. मिळाला की लगेच संपवत."

*

देखाव्याचा पहिला दिवस. चौकात तुफान गर्दी. सुरेशला ढकलून झालं होतं, तो निळ्या कापडाखाली पडला होता. मास्तर माईकवर म्हणाले, "चाच्यांचा कप्तान मतानं निवडला जाई. नको झाला तर बदलताही येई!"

स्क्रिप्टप्रमाणे आप्पा गरजले, "बोला, कप्तान कोण?" आम्ही त्यांच्यासाठी हात वर करायचे होते. एकही हात हलला नाही!

मास्तरांनी स्क्रिप्ट सोडलं. "दुसरं कोण उभं हाय?"

समुद्रातून एक हात वर आला. सुरेशचा! मग माझा. मग सगळ्यांचे. पब्लिकनं टाळ्यांचा कडकडाट केला.

आप्पांनी आमच्या वर गेलेल्या हातांकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी सुरेशला हाताला धरून उठवलं, स्वतःची हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली आणि माईक त्याच्या हातात दिला.

सुरेशनं हॅट सारखी केली, घसा खाकरला आणि पंधरा वर्षांतला पहिला डायलॉग म्हटला,

"आप्पा, आता तुमी मरा!"